डिस्क गेली असे म्हणण्यापूर्वी

शाळेतला जुना संगणक बंद पडतो. त्यातली हार्ड डिस्क मात्र धड असते. कोणी जाणता ती काढून नव्या संगणकात बसवतो, बटण दाबतो, आणि पडद्यावर इंग्रजीत उमटते की सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. ‘डिस्क गेली, पुसून नव्याने भरा,’ असा सल्ला लगेच मिळतो. गुरुजी, तो सल्ला तेवढा मानू नका. हजेऱ्या आणि गुणपत्रके त्या पुसण्यात जातील.

विंडोज जागे होण्याआधी संगणकात एक छोटा कारभारी उठतो. मदरबोर्डवरच्या चिपेत त्याचा मुक्काम. जुना कारभारी बायोस, १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनचा. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि तिथे लिहिले असेल तसे वागतो. या जुन्या मांडणीला एमबीआर म्हणतात. साधारण दोन टेराबाइटपुढची जागा तिला मोजता येत नाही. नवा कारभारी यूईएफआय. तो डिस्कवरचा ठराविक विभाग शोधून त्यातली फाइल उघडतो. त्याची मांडणी बहुधा जीपीटी.

मोडीतले दप्तर नुसती बाळबोध येणाऱ्या कारकुनापुढे ठेवले, तर तो ‘वाचता येत नाही’ म्हणेल. म्हणून दप्तर कोणी जाळते काय?

पुष्कळ यंत्रांत नव्या कारभाऱ्याला मोडी शिकवण्याची सोय असते. यंत्र सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबावे (कळ कंपनीगणिक बदलते, बरे का), ‘बूट’च्या पानावर ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ शोधावे. त्यासाठी ‘सिक्युअर बूट’ बंद करावे लागते. आधी पानाचा फोटो काढून ठेवा. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली हाताशी हवी.

उलटही घडते. जीपीटीवर बसवलेले विंडोज नीट चालत असताना ‘जुन्यालाही चालेल’ म्हणून कोणी लेगसी लावतो, आणि यंत्र अडते. सेटिंग परत फिरवावे, काम झाले. विंडोज ११ ला तर यूईएफआयच लागते.

अलीकडच्या कित्येक यंत्रांत लेगसी नाहीच. इंटेलने २०१७ सालीच ती २०२० पर्यंत काढण्याचा बेत जाहीर केला होता. असली तरी जुने विंडोज नव्या यंत्रावर ड्रायव्हरपायी अडू शकते. तेव्हा डिस्क यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी आणि आधी फायली उतरवून घ्याव्यात.

संगणक चालू आहे तोवरच एक करा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबून एमएसइन्फो३२ हे नाव इंग्रजीत टाइप करा. ‘बायोस मोड’समोर लेगसी आहे की यूईएफआय, ते कागदावर लिहून डब्याला चिकटवा.