मंगळावरचें बिऱ्हाड

मंगळावर माणसानें वस्ती करावी, ही कल्पना आतां केवळ कादंबरीकारांची राहिलेली नाहीं. यंत्रें तेथें उतरलीं. तेथील हवेचीं, मातीचीं, उन्हाचीं मापें आपल्या हातीं आलीं. तेव्हां हा प्रश्न कल्पनेचा नसून हिशेबाचा आहे. त्यांपैकीं एकच हिशेब आज आपण पाहूं, तो हवेचा.

मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शेंकडा एक अंशाहूनही कमी आहे, आणि त्या विरळ हवेंत शेंकडा ९५ भाग कार्बन डायॉक्साइड आहे. सरासरी उष्णमान शून्याखालीं सुमारें ६० अंश. पेलाभर पाणी उघड्यावर ओतलें, तर कांहीं उकळून उडून जाईल, उरलेलें गोठेल.

मग ही हवा दाट करतां येणार नाहीं काय ? १९७३ सालीं कार्ल सेगन यांनीं एक युक्ति सुचविली. ध्रुवांवरील बर्फावर काळसर द्रव्य पसरावें. तें ऊन शोषील, बर्फाचा वायु होईल, आणि दाट झालेली हवा दुलईप्रमाणें ऊब धरून ठेवील. युक्ति सुरेख खरी. परंतु दुलईला कापूस पुरला पाहिजे. २०१८ सालीं ब्रूस जाकोस्की व ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनीं हा कापूस मोजला. ध्रुवांवरचा सारा कार्बन डायॉक्साइड मोकळा केला, तरी दाब जेमतेम दुप्पट होतो; मातींतला नि खडकांतला हाताशीं येण्याजोगा सांठा मिळविला, तरी तो पृथ्वीवरील दाबाच्या दशांशासही पोंचत नाहीं. पुष्कळसा वायु फार पूर्वींच अंतराळांत उडून गेला आहे. मंगळाचें गुरुत्वाकर्षण आपल्या शेंकडा ३८, आणि सूर्याकडून येणारा कणांचा झोत अडविणारें चुंबकीय कवच त्यानें केव्हांच गमावलें.

म्हणून ग्रह बदलणें आणि ग्रहावर घर बांधणें, या दोन गोष्टी निराळ्या मानल्या पाहिजेत. दुसरी अशक्य नाहीं. 'पर्सिव्हरन्स' या यंत्रगाडींतील एका लहानशा उपकरणानें २०२१ ते २०२३ या काळांत मंगळाच्याच हवेंतून १२२ ग्रॅम प्राणवायु काढून दाखविला. एका माणसाला तो सुमारें साडेतीन तास पुरेल. मोठीं यंत्रें नेलीं, तर बंद घरांत थोडीं माणसें राहूं शकतील. पण त्या घराची खिडकी कधींच उघडतां येणार नाहीं, आणि यंत्र थांबलें कीं श्वासही थांबेल. येथें तेंच काम वनस्पति आणि समुद्रांतील सूक्ष्म जीव कोट्यवधि वर्षें बिनबोभाट करीत आले आहेत.

मंगळावर पाऊल अवश्य टाकावें. पृथ्वीवरचें बिऱ्हाड मात्र मोडूं नये.