थांबलेला बेसबॉल

बेसबॉल मी कधी खेळलो नाही. आपला सगळ्यांचा पिंड क्रिकेटचा. तरीही 2020 साली करोनामुळे अमेरिकेतील त्याचा व्यावसायिक हंगाम लांबला, ती हकीकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे.

26 मार्चचा हंगाम 23 जुलैला सुरू झाला. प्रत्येक संघाच्या वाट्याला 162 ऐवजी अवघे 60 सामने आले, तेही प्रेक्षकांविना. काही मैदानांत तर खुर्च्यांवर माणसांची पुठ्ठ्याची चित्रे मांडली होती! खेळाडूंचे वेतनही सामन्यांच्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे 37 टक्क्यांवर आले. पण लक्षावधी डॉलर्स मिळवणाऱ्याचे 37 टक्केही पुष्कळच असतात.

खरी झळ बसली ती फलकावर ज्यांची नावे झळकत नाहीत त्यांना. दुय्यम संघांचा हंगाम 30 जूनला रद्दच झाला. तेथील तरुणांना आठवड्याला 400 डॉलर्स भत्ता मिळे. शेकडोंना तर त्याआधीच नारळ मिळाला होता. नव्या खेळाडूंची निवड 40 फेऱ्यांऐवजी 5 फेऱ्यांत आटोपली. ही पोरे आपल्याच वयाची, हे विसरता येत नाही.

आणि मैदानात शेंगदाणे विकणारा? एका संघाचे घरच्या मैदानावर वर्षाला 81 सामने, आणि त्याची कमाई सामन्यागणिक. संघांनी प्रत्येकी 10 लाख डॉलर्स अशा कामगारांसाठी जाहीर केले खरे. पण जुलैत चेंडू पडला तरी गिऱ्हाईक आलेच नाही.

ऑक्टोबरात लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ विजेता ठरला, दूर टेक्सासमध्ये. त्यांच्या स्वतःच्या मैदानाच्या वाहनतळावर तेव्हा करोनाची तपासणी चालू होती.