घाटमाथ्यावरून जहाजावर: ‘एम्प्रेस’ची ओळख

कोल्हापूर घाटावरचं गाव असलं तरी त्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या वाटेनं चालला. गूळ, तंबाखू, धान्य बैलगाड्यांवर लादून आंबा घाटातून रत्नागिरीला, फोंडा घाटातून खारेपाटणच्या खाडीकडे नाहीतर आंबोलीतून वेंगुर्ल्याला उतरायचं आणि तिथून गलबतात चढायचं. परत येताना गाड्या मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन घाट चढायच्या. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली आणि गावाचं तोंड मुंबईकडे वळलं. बंदरं होती तिथेच राहिली, आपणच त्यांच्याकडे जायचं थांबलो.

आपल्या राजघराण्यालाही समुद्र नवा नव्हता. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली बोटीनं विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्स इथे ऐन विशीत त्यांचं निधन झालं. आर्नो नदीच्या काठावर त्यांचं स्मारक आजही उभं आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा याच काळातला. हे सगळे प्रवास कामाचे. जहाजावर राहायचं म्हणूनच जहाजावर चढायचं, बंदर लागलं काय न लागलं काय, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची आहे. मुंबईहून सुटणाऱ्या ‘एम्प्रेस’ या जहाजावर आम्ही नवरा-बायको सुट्टीसाठी गेलो, तेव्हा मला सगळ्यात जास्त कुतूहल त्या जहाजाचंच होतं.

त्याआधी आपल्या कोकण बोटीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण मराठी माणसाची समुद्रप्रवासाची आठवण तिच्यापासून सुरू होते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनसारख्या कंपन्यांच्या आगबोटी मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायच्या. ‘रामदास’, ‘तुकाराम’, ‘रोहिदास’ अशी त्यांची नावं. धक्का नसलेल्या बंदरात बोट लांब खोल पाण्यात उभी राही. मग पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेनं पडाव वर उचलला की त्या क्षणी खलाशाचा हात धरून बोटीत पाय टाकायचा. लेकुरवाळ्या बाया, फणस, आंब्याच्या पेट्या, गणपतीला निघालेले चाकरमानी असे सगळे डेकवर पथाऱ्या टाकून बसत. ज्याला बोट लागायची त्याच्या हातात कुणीतरी लिंबू देई. या प्रवासाला दुःखाची किनारही आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ वादळात एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली, बोटीची सद्दी संपली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर ती फक्त गोष्टीत उरली.

मधे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९९० च्या दशकात दमानियांची कॅटामरान मुंबई-गोवा धावली आणि बंद पडली. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ आली. ही जपानमध्ये ‘ओगासावारा मारू’ नावानं टोकियो आणि ओगासावारा बेटांच्या दरम्यान चालणारी बोट. आपल्याकडे आल्यावर तिला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं. कोविडनं तिची फेरी थांबवली. ‘जलेश’ या भारतीय कंपनीचं ‘कर्णिका’ हे मोठं जहाज २०१९ मध्ये मुंबईत आलं, वर्ष-दीड वर्षातच कंपनी बुडाली आणि २०२० च्या अखेरीस जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. ‘कर्णिका’ १९९० मध्ये बांधलेलं होतं. ‘एम्प्रेस’ही त्याच सालातलं. एक भंगारात गेलं, दुसरं आज मुंबईत रुबाबात उभं असतं. जहाजांच्या नशिबात बंदरापेक्षा हिशेबाचा वाटा मोठा असतो.

‘एम्प्रेस’चा जन्म फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीतला. ‘नॉर्मंडी’ आणि ‘क्वीन मेरी २’ ही जहाजं याच गोदीनं बांधली. तेव्हा हिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि नामकरण गायिका ग्लोरिया एस्तेफान यांच्या हातून झालं. मायामीहून बहामा बेटांकडे तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी करण्यासाठीच तिची आखणी झाली होती. आठवड्याची सुट्टी मिळवतानाच ज्यांची दमछाक होते, अशा आपल्या लोकांना ती नेमकी का मानवली, याचं उत्तर या आखणीत आहे. मग ती ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, स्पेनच्या पुलमांतुर कंपनीकडे गेली, पुन्हा मूळच्या रॉयल कॅरिबियन कंपनीकडे आली, २०१७ पासून क्युबातल्या हवानाला जाऊ लागली. २०१९ मध्ये अमेरिकी सरकारनं क्युबाच्या सफरींवर बंदी घातली, पाठोपाठ कोविड आला. २०२० च्या शेवटी ती विकली गेली आणि सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया क्रूझेस’च्या नावानं मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करू लागली.

लांबी २११ मीटर, म्हणजे रेल्वेचे जवळजवळ नऊ डबे एकापुढे एक लावावेत तेवढी. अकरा मजले. क्षमता अठराशे प्रवाशांच्या आसपास, शिवाय सहाशेहून जास्त कर्मचारी. ग्रॉस टनेज ४८,५६३. हा आकडा वाचून जहाजाचं वजन एवढं, असं पुष्कळांना वाटतं. हे माप वजनाचं नाही, जहाजाच्या आतल्या जागेचं आहे. जगातल्या आजच्या सर्वात मोठ्या प्रवासी जहाजांचं टनेज अडीच लाखांच्या घरात आहे, म्हणजे त्यांच्यापुढे ‘एम्प्रेस’ लहानखुरी. मला तो तिचा गुण वाटतो. दुसऱ्या दिवशी वाटा पाठ होतात, जिन्यात तीच माणसं पुन्हा भेटतात आणि संध्याकाळपर्यंत ओळखी होतात.

कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी वाट सोपी आहे. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पियर, अगदी जवळ. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्‌घाटन झालेल्या नव्या क्रूझ टर्मिनलमुळे तिथली व्यवस्था विमानतळासारखी झाली आहे. सामान आधी देऊन टाकायचं, ते थेट खोलीच्या दारात येतं. ओळखपत्र दाखवलं की एक कार्ड हातात पडतं. तेच खोलीची किल्ली आणि तेच जहाजावरचं पाकीट, कारण आत रोख चालत नाही. आमच्या यांनी सवयीनं शर्टाच्या खिशात सुट्टे पैसे ठेवले होते, ते तसेच कोल्हापूरला परत आले.

सुटण्याआधी सगळ्यांना संकटकाळची तालीम करावी लागते. सुट्टीला आलेल्या माणसाला हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, पण ‘रामदास’ची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसानं ती मन लावून करावी. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो. तो कानात बसवून घ्यायचा. लाइफ जॅकेट कसं बांधायचं, आपण कुठल्या ठिकाणी जमायचं, आपली नाव कुठली, हे कर्मचारी प्रत्यक्ष दाखवतात. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडालं तेव्हा निम्म्या माणसांपुरत्याच नावा होत्या. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि हे नियम त्यातून वाढत गेले. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींना जॅकेटचा पट्टा जमेना. एका गोवेकर कर्मचाऱ्यानं गुडघ्यावर बसून तो तीनदा सोडून तीनदा बांधून दाखवला. चौथ्यांदा आजींनी स्वतः बांधला, तेव्हाच तो उठला.

संध्याकाळी जहाज सुटलं. टगबोटींनी ते हलकेच धक्क्यापासून ओढलं. बंदरातल्या गाळाची, खडकांची, भरती-ओहोटीची खडान्‌खडा माहिती असलेला बंदराचा पायलट कप्तानाशेजारी उभा राहून जहाज बाहेर काढतो. बाहेर पडल्यावर तो उतरतो कसा, हे मला बघायचं होतं म्हणून आम्ही कठड्याशी थांबलो. त्याची छोटी लाँच जहाजाला घासून पळू लागली. लाटांना आडोसा व्हावा म्हणून जहाज थोडं वळलं. पार खाली, पाण्याच्या जरा वर एक दार उघडलं आणि दोराची शिडी सुटली. पायलट पाठमोरा एकेक पायरी उतरला, लाँच लाटेवर वर येईपर्यंत थांबला आणि अचूक क्षणी तिच्यात पाय ठेवला. पडावातून कोकण बोटीत चढणाऱ्यांचं कसब आज या माणसांकडे आहे. वरच्या डेकवर तेव्हा गाणी लागली होती. खाली काय चाललंय हे बघणारे आम्ही थोडेच होतो.

जेवणाची चिंता कोल्हापूरकरांना फार. गुजराती, जैन, दक्षिणी, पंजाबी सगळं मिळतं आणि पोटभर मिळतं. आपला तांबडा-पांढरा रस्सा तिथे शोधू नये. लवंगी मिरचीचा ठेचा बरणीत नेण्याचा विचार असेल, तर बाहेरचं खाणं नेण्याबाबतचे नियम तिकीट काढतानाच विचारून घ्यावेत. कॅसिनो आहे, नाचगाण्याचे कार्यक्रम आहेत, पोहण्याचा तलाव आहे. ज्यांना ते हवं त्यांनी जरूर जावं. आम्हा दोघांना पहाटेचा डेक अधिक भावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात दूधवाला, मुलांचे फोन, दुकान यांच्यातून सकाळी एकमेकांशी निवांत बोलणं कधी झालंच नव्हतं. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. वायफायला वेगळे पैसे लागतात, ते आम्ही भरले नाहीत. हा आमचा या सफरीतला सर्वात चांगला निर्णय.

एवढं मोठं जहाज डोलत कसं नाही, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. डोलतं, पण कमी. पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. लाट जहाजाला एका बाजूला कलवू लागली की ते पंख आपला कोन बदलून उलटा जोर लावतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. तरीही ज्याला बोट लागते त्यानं खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी, कारण हेलकावा तिथे सर्वात कमी जाणवतो.  जुन्या आखणीचं जहाज असल्यामुळे गॅलरीच्या खोल्या थोड्या आहेत. खिडकी नसलेली खोली सर्वात स्वस्त पडते, पण दोघांनी जायचं असेल तर खिडकीसाठी चार पैसे जास्त मोजावेत. जाहिरातीतल्या भाड्यावर जीएसटी, बंदराचं शुल्क, सेवाशुल्क वेगळं चढतं हे क्रूझच्या धंद्यात सगळीकडेच आहे. शेवटचा आकडा विचारूनच पैसे भरावेत.

मुंबई ते मुरगाव सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. जहाजानं जोर लावला तर बारा तासांत पोचेल, पण प्रवासी पोचायला आलेले नसतात, म्हणून ते निवांत जातं. पहाटे यांनी एका अधिकाऱ्याला विचारलं, “साहेब, रत्नागिरी कुठं आली असंल?” त्यानं पूर्वेला हात केला आणि म्हणाला, “मागे पडली, रात्रीच.” हे बराच वेळ त्या दिशेला बघत राहिले. त्यांचे आजोबा गुळाच्या गाड्या घेऊन आंबा घाट उतरायचे.

कोल्हापूरहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर आणि मुंबई त्याच्या जवळजवळ तिप्पट. आपण मुंबईला जाऊन जहाजात बसतो आणि ते जहाज आपल्या जुन्या बंदरावरून रात्री न थांबता पुढे जातं. गोव्यात उतरून आम्ही मंदिरं पाहिली, जेवलो, परत चढलो. ते सगळं मोटारीनंही होतं. मोटारीनं जे होत नाही ते जहाजावरचं राहणं, आणि त्यासाठी ही सफर नक्की करावी असं माझं मत आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी समुद्र बहुतेक वेळा शांत असतो, तेव्हा जावं. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जावं, त्यांना चढ-उताराचा त्रास नाही, लिफ्ट आहेत.

आणि एक मागणी आहे. मार्च २०२० पासून मुंबई-मांडवा रो-रो बोट चालते, ती पुढे जयगड, विजयदुर्गापर्यंत नेण्याच्या घोषणाही झाल्या आहेत. त्या प्रत्यक्षात याव्यात, बारमाही नाही तर निदान पावसाळा सोडून नियमित चालाव्यात आणि प्रवासी जहाजांना थांबता येईल असा धक्का रत्नागिरीला व्हावा. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेसाठी आपण इतकी वर्षं भांडतोय, त्याच यादीत आपल्या लोकप्रतिनिधींनी बंदराचंही नाव घालावं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव एवढा मुलूख त्या धक्क्याच्या पाठीशी उभा आहे. प्रवासी कमी पडणार नाहीत.