‘विंडोज’ हा शब्द नक्की कोणाचा?

आजचा प्रश्न खास ॲप बनवणाऱ्यांसाठी. रोजच्या बोलण्यातला साधा शब्द ॲपचं नाव म्हणून घेतला, तर त्याचा ट्रेडमार्क मिळतो का?

मिळतो. पण शब्द आणि वस्तू यांचं नातं काय, त्यावर सगळं ठरतं.

समजा, मी हिशेब ठेवायचं ॲप काढलं आणि नाव दिलं ‘हिशेब’. आता हा शब्द ॲप काय करतं तेच सांगतो. उद्या दुसऱ्या कोणी तसलं ॲप काढलं, तर त्यालाही तो लागणारच ना? म्हणून आपल्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ९ अशा वर्णन करणाऱ्या शब्दांना अडवतं. तेच ॲप ‘चिंच’ नावाने काढलं तर? चिंचेचा हिशेबाशी काडीचा संबंध नाही, म्हणूनच नाव भक्कम. कॉम्प्युटरसाठी ‘ॲपल’ चालतं ते याचमुळे.

वर्णन करणाऱ्या शब्दाला एक सूट आहे. सततच्या वापराने लोक तो एकाच कंपनीशी जोडू लागले, तर नोंदणी मिळू शकते. पण ती किती टिकते? इथे ‘विंडोज’ची गोष्ट ऐका.

मायक्रोसॉफ्टचं पहिलं विंडोज आलं नोव्हेंबर १९८५मध्ये. स्क्रीनवरच्या चौकटीला ‘विंडो’ म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची. तरी अमेरिकेत १९९५ साली नोंदणी झाली. पुढे लिनक्सवर चालणारी ‘लिंडोज’ नावाची सिस्टीम आली आणि २००१च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने त्या छोट्या कंपनीवर दावा ठोकला. लिंडोजचं म्हणणं सरळ होतं: हा शब्द मुळात तुमचा नाहीच.

सिएटलच्या कोर्टाने २००२मध्ये लिंडोजला नाव वापरायला मनाई करायचं नाकारलं. २००४मध्ये न्यायाधीश म्हणाले, १९८५च्या आधी हा शब्द सर्वसामान्य होता का, तेही ज्युरीने बघावं. त्याच वर्षी जुलैत तडजोड झाली. लिंडोजने नाव सोडलं आणि मायक्रोसॉफ्टने सुमारे २ कोटी डॉलर मोजले. म्हणजे दावा ठोकणाऱ्यानेच पैसे दिले! मला तरी याचा अर्थ एवढाच दिसतो, की खटला हरले असते तर ‘विंडोज’ हे नावच हातचं गेलं असतं.

आपल्याकडेही असंच झालंय. ‘भारतपे’ला नाव वापरू देऊ नका, असं ‘फोनपे’ने दिल्ली हायकोर्टाला सांगितलं. २०२१मध्ये कोर्टाने तशी अंतरिम मनाई नाकारली. ‘पे’ म्हणजे पैसे देणं. स्पेलिंग बदललं म्हणून तो एकट्याचा होत नाही. २०२४मध्ये दोघांनी वाद मिटवला.

तेव्हा मंडळी, ॲपचं काम सांगणारं नाव लगेच कळतं, पण उद्या शेजाऱ्याने तेच घेतलं तर त्याला रोखणं अवघड. नाव पक्कं करण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर फुकट शोधून बघा. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि ४२ तपासा. लोगो त्यानंतर!

भेटू पुढच्या भागात.