चांदी तीच, शिक्का वेगळा

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या ओळीने आहेत. छत्तीसगडी बायका गळ्यात घालतात ती रुपयांची माळ इथे गाठवायला येते, अडीअडचणीला मोडायलाही येते. आमच्या घरातल्या अशाच एका जुन्या माळेतले सात राणीछाप रुपये मी एकदा इथल्या काट्यावर एकेक करून ठेवले. टाकसाळीतून निघाला तेव्हा असा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. माळेतला एकही तेवढा भरला नाही. बहुतेक थोडे हलके, कारण वर्षानुवर्षे घासून राणीचा गाल सपाट झालेला. एक मात्र जड, कारण कडीला डाग देताना लागलेला धातू त्याच्या अंगावर राहिला होता. सराफाने आकड्यांकडे फारसे पाहिले नाही. एक रुपया बोटाच्या टोकावर धरून दुसऱ्याने वाजवला, कडेच्या दात्यांवरून नख फिरवले, मग कसोटीचा दगड पुढे ओढला.

दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन चांदीचे नाणे हाती आले की अभ्यासकही याच क्रमाने जातो. काट्यापासून सुरुवात होते, पण निकाल काट्यावर लागत नाही.

हे नाणे म्हणजे देनारियस. आपल्या संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. इसवी सनपूर्व २११ च्या सुमारास ते पाडायला सुरुवात झाली तेव्हा त्याचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास होते. लवकरच ते उतरले आणि सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंड चांदीतून ८४ नाणी असे प्रमाण होते. म्हणजे एका नाण्याला साधारण ३.९ ग्रॅम. इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोने त्याच पौंडातून ९६ नाणी काढायला लावली. वजन ३.४ ग्रॅमवर आले आणि चांदीचा कसही उतरला.

पण ही सरासरी आहे. टाकसाळीत हिशेब पौंडाचा राखत. प्रत्येक नाणे स्वतंत्रपणे तोलून बरोबर करण्याचा खटाटोप चांदीसाठी सहसा करत नसत. पौंडातून ८४ निघाली की काम झाले. त्यामुळे ताजी नाणीही एकमेकांहून थोडी कमी-जास्त असत. त्यात वापराची झीज आली. मग जमिनीत शेकडो वर्षे पडून राहिल्यावर चांदीत मिसळलेले तांबे ओलीने हळूहळू निघून जाते. नाणे हलके होते, आतून ठिसूळ होते. म्हणून सम्राट टायबेरियसचे एक अस्सल देनारियस ३.८ ग्रॅम भरते आणि दुसरे, तितकेच अस्सल, ३.५. उलट दहा नाणी मिलिग्रॅमपर्यंत सारखी भरली आणि दहांच्याही चेहऱ्यावर त्याच जागी तोच खळगा दिसला, तर ती एकाच साच्यातून ओतलेली आहेत असे समजावे. ठोकून घडवलेल्या दोन नाण्यांवर ओरखडा आणि खड्डा असा जुळून येत नाही. मला या विषयातले सगळ्यात मोठे आश्चर्य हेच वाटते: इथे सारखेपणाच संशय जागा करतो.

बनावट नाणी रोमन काळातही होतीच. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून वरून ठसा मारत. वरचा पत्रा झिजला की खालचे तांबे उघडे पडे. असे नाणे ओळखायची एक जुनी रीत आहे, नाण्याला ओरखडाही न पाडणारी. नाणे आधी हवेत तोलावे, मग बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबते ठेवून तोलावे, आणि जेवढे वजन घटले त्याने मूळ वजनाला भागावे. शुद्ध चांदीचे उत्तर साडेदहाच्या जवळ येते, तांब्याचे नवाच्या. ३.८ ग्रॅमचे चांदीचे नाणे पाण्यात सुमारे ०.३६ ग्रॅमने घटते, तांब्याचे ०.४२ ग्रॅमने. फरक एवढासाच, पण हिरे तोलायच्या काट्यावर तो स्वच्छ दिसतो.

भारतातल्या व्यापाऱ्यांना ही पारख होती, याची खूण आपल्याकडच्या ठेव्यांत आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या देनारियसांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी फार मोठ्या प्रमाणात आहेत. नीरोने वजन उतरवल्यानंतरची तुलनेने थोडी. इथल्या बाजाराने जुने, पुऱ्या वजनाचे नाणे पसंत केले, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात आणि मला तो पटतो. रोमन लेखक प्लिनीने सिंहलद्वीपाच्या राजाची एक हकिकत नोंदवली आहे. वाऱ्याने भरकटत तिथे पोचलेल्या एका रोमन माणसाकडची नाणी राजाने पाहिली. त्यांवर चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे, पण वजन सगळ्यांचे सारखे. एवढ्यावरून राजाला रोमन लोकांच्या सचोटीबद्दल आदर वाटला. ही गोष्ट सम्राट क्लॉडियसच्या काळातली. पुढचा सम्राट नीरो.

छत्तीसगडातही रोमन नाणी पोचली होती. बिलासपूर जिल्ह्यात चकरबेढा इथे सोन्याची मिळाली. पण वजन आणि अस्सलपणा यांचे कोडे खऱ्या अर्थाने उलगडते ते नाशिकजवळच्या चांदीत. त्याआधी एका ठकाची ओळख करून घ्यायला हवी.

कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन माणूस प्राचीन नाण्यांची नक्कल करण्यात इतका तरबेज होता की युरोपातले मोठमोठे संग्राहक त्याच्या हातून फसले. पुष्कळदा तो खरीखुरी, पण कमी किमतीची प्राचीन नाणी घ्यायचा आणि त्यांवरच आपले नवे ठसे मारायचा. चांदी प्राचीनच, वजनही बसणारे, कसोटीवरचा कसही बरोबर. नवेपणाची चकाकी घालवण्यासाठी तो नाणी तेलकट लोखंडी किसात घालून तो डबा घोडागाडीला बांधायचा आणि फिरून यायचा. काटा, पाणी, दगड, कशालाही हे नाणे पकडता येत नाही. पकडतो तो ठसा: अक्षराचे वळण, केसाची बट, आणि एकाच ठशाची दुसरी नाणी कुठे कुठे निघाली याची नोंद.

आता नाशिक. १९०६ साली सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा सापडला. सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची, प्रत्येक जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅमची. एका बाजूला राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी व खरोष्ठी लेख. नहपान हा रोमशी चालणाऱ्या व्यापारातला माणूस. भडोचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होतो, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे, आणि त्यातला राजा नहपानच असावा असे बहुतेक मानतात. त्याच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख पांडवलेण्यांत आहे. एका सुवर्ण नाण्याला पस्तीस कार्षापण नाणी हा दर त्यात दगडावर कोरलेला आहे. दोन हजार सुवर्णांचे सत्तर हजार कार्षापण असा हिशेबही मांडून दिला आहे.

नहपानाचा पाडाव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. शत्रूची चांदी त्याने वितळवली नाही. वितळवायला कोळसा लागतो, वेळ लागतो आणि घट येते. त्याने तीच नाणी पुन्हा ऐरणीवर घेतली आणि वरून आपला ठसा मारला. जोगलटेंभीच्या ठेव्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी अशी आहेत. बेकरने केले तेच, जुन्या चांदीवर नवा ठसा. पण इथे ठसा राजाचा, राजाच्या हुकमाने, त्याच राज्यात चालवण्यासाठी. वजन नहपानाचे, नाणे सातकर्णीचे, आणि अस्सल.

यातले एखादे नाणे उजेडात तिरके धरले तर तीन कमानींचा डोंगर आणि त्याभोवतीचे ‘सिरि सातकणिस’ वाचता येते. मग हळूहळू डोंगराच्या खालून नाकाची रेघ आणि हनुवटी वर येते: नहपान, अर्धा पुसलेला.