आळंदच्या बाजारातले वीस हजार घोडे

युरोपीय दर्यावर्दी म्हटले की डोळ्यांपुढे कोकणपट्टी येते, गोवा येतो, फार तर कालिकत. उमरग्याचे नाव त्यात कोणी घेणार नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, कर्नाटकाच्या हद्दीला खेटलेले आमचे तालुक्याचे गाव. तूर, सोयाबीन आणि उसाच्या भावावर तासन् तास बोलणाऱ्या या मुलखात गलबतांचा विषय काढला की लोक चहाचा कप पुढे सरकवतात आणि पावसावर येतात. तरी मी गेली कित्येक वर्षे हा विषय काढतोच, आणि त्याला कारण आहे आळंद. ज्ञानोबांची आळंदी नव्हे. कलबुर्गी जिल्ह्यातले, आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचे, लाडले मशाईक दर्ग्याचे आळंद. वास्को द गामा भारतात येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी एक रशियन माणूस दोन समुद्र ओलांडून या भागात आला होता, आणि आळंदच्या बाजाराविषयी त्याने लिहूनही ठेवले आहे.

शाळेत शिकलेला भाग एका दमात उरकून घेतो. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परतला. १४९२ मध्ये कोलंबस भारत शोधायला निघाला आणि अमेरिकेजवळच्या बेटांवर पोचला. २० मे १४९८ रोजी गामा कालिकतजवळ आला. १५१९ मध्ये निघालेल्या मॅगेलनच्या पाच जहाजांपैकी एकच १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी आले. खुद्द मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेला होता. मग १६०० मध्ये इंग्रजांची कंपनी, १६०२ मध्ये डचांची, पुढे अठराव्या शतकात कॅप्टन कुक. झाले. यातल्या प्रत्येकावर जाडजूड ग्रंथ आहेत, ज्याला हवे त्याने वाचावेत.

माझा माणूस अफानासी निकितीन. व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला व्यापारी. ना राजाचा हुकूम, ना तोफा, ना स्वतःचे जहाज. व्होल्गेतून खाली येताना अस्त्राखानजवळ तातारांनी लुटले, कास्पियन समुद्रात वादळाने गाठले. गावी परतावे तर डोक्यावर कर्ज; म्हणून तो पुढेच चालत राहिला. बाकूहून कास्पियन ओलांडून इराण, इराण उभा पार करून हॉर्मुझ. तिथे त्याला कळले की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत आणि म्हणून सोन्याच्या भावाने विकले जातात. त्याने शंभर रुबलला एक घोडा घेतला आणि १४६९ च्या सुमारास तो घोड्यासकट गलबतावर चढला. हॉर्मुझची गलबते लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेली असत, हे मार्को पोलोने पावणेदोनशे वर्षे आधी लिहून ठेवले आहे. मस्कत, दीव, खंबायत करत सहा आठवड्यांनी निकितीन चौलला उतरला. गोरा माणूस बघायला माणसे त्याच्यामागून चालत, याचे त्याला मोठे नवल वाटले. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. अलिबागला जाणाऱ्यांनी वाकडी वाट करून बघावे.

चौलहून पाली, पालीहून उमरी, उमरीहून जुन्नर असा मुक्कामांचा हिशेब त्याने दिवसांत दिला आहे. (उमरी म्हणजे आपला उमरगा, असे आमच्याकडच्या एका उत्साही मित्राचे म्हणणे. जुन्नरहून सहा दिवसांवरचे गाव ते, उमरगा कसे असेल? पण मित्र ऐकत नाही.) जुन्नरला तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहराही, नाहीतर दोन्ही गेले समज. विचाराला मुदत चार दिवसांची. मुदत संपता संपता खुरासानचा एक खजिनदार तिथे आला, त्याने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. पावसाळा जुन्नरला काढून निकितीन बिदरला निघाला. महिनाभराची वाट. नकाशावर जुन्नर आणि बिदर यांच्यावर पट्टी ठेवली तर ती औशावरून जाते. मी ठेवून पाहिली आहे, आणि त्या दिवशी औशाच्या किल्ल्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

आता आळंद. निकितीन लिहितो की शेख अलाउद्दीनच्या स्मरणार्थ इथे वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो, सारा मुलूख खरेदी-विक्रीला लोटतो, वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात आणि हिंदुस्थानात याच्या तोडीचा बाजार नाही. बिदरहून अंतर बारा कोव. कोव म्हणजे त्याच्या हिशेबाने दहा वर्स्ट, म्हणजे एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आजही हिशेब जुळतो. वीस हजार हा आकडा ऐकीव असेल, फुगवलेलाही असेल. पण निम्मा धरा, तरी माळेगावच्या जत्रेत नाहीतर सारंगखेड्याला जे पाहतो त्याच्या किती पट होतो! दहा हजार जनावरांना रोजचे पाणी कुठून पाजत असतील, हाच प्रश्न आळंदच्या माळावर उभा राहिलो की मला पहिल्यांदा पडतो. आमच्याकडे ऑक्टोबरात अजून विहिरींना पाणी असते, आणि त्याने बाजाराचा दिवस सांगितला आहे तो रशियन पोक्रोव सणाचा, म्हणजे १ ऑक्टोबरचा. चैत्रात हा बाजार भरला असता तर निभावणे कठीण होते.

घोड्यांची चंदीही त्याने टिपली आहे: हरभरा, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी. अरबस्तानातून आलेल्या जनावराला दख्खनच्या हवेत जगवायचे तर माणसापेक्षा त्याची बडदास्त जास्त. निकितीनने आपला घोडा वर्षभर पोसला, त्यावर ६८ फुतून नाणी घातली आणि अखेर बिदरला विकला. नफा फारसा झाला नसावा, कारण व्यापाऱ्यांनी मला फसवले, आमच्या देशात खपेल असा माल इथे नाहीच, अशी त्याची कुरकुर आहे. आळंदच्या घुबडाबद्दल मात्र तो रंगून लिहितो. ते ज्या घरावर बसते तिथे माणूस मरते, आणि मारायला गेले तर त्याच्या चोचीतून आग निघते! ही गोष्ट त्याला सांगणारा आमच्याच भागातला कोणी बेरकी म्हातारा असणार, याबद्दल मला शंका नाही.

बिदरला तेव्हा कारभार होता वजीर महमूद गवानचा. हा मूळचा कास्पियनकाठच्या गिलानचा, तोही व्यापारासाठीच दाभोळ बंदरात उतरलेला. १४७२ मध्ये पुरा झालेला त्याचा मदरसा आजही पाहण्यासारखा आहे. दर्शनी बाजूचा एकच मिनार उरला आहे. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात दुसरा मिनार आणि बरीच इमारत गेली. उरलेल्या भिंतीवर निळ्या-हिरव्या चकचकीत फरशा जागोजाग चिकटून आहेत. निकितीनवरच्याच १९५७ च्या ‘परदेसी’ या हिंदी-रशियन चित्रपटात गवानचे काम पृथ्वीराज कपूरने केले होते आणि नायिका होती नर्गिस. मला स्वतःला चित्रपटापेक्षा निकितीनचे एक साधे वाक्य भारी वाटते. त्याचा आशय असा, की मुलूख दाट वस्तीचा, सरदार गडगंज आणि खेड्यातली माणसे उघडीवाघडी. स्थानिक हिंदूंशी तो मिसळला, त्यांच्याबरोबर शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला. गामाच्या रोजनिशीत कालिकतच्या देवळाला चर्च समजल्याची नोंद आहे. त्यामानाने हा एकटा घोडेवाला पुष्कळच डोळस निघाला.

घोड्यावरून फिरणारा आणखी एक युरोपीय आमच्या भागाशी जोडलेला आहे, त्याला वगळवत नाही. फिलिप मेडोज टेलर. १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी, गामाच्याच वाटेने आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आला. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख कंपनीला तोडून दिला, तो सांभाळायला टेलरला पाठवले. ठगांवरची कादंबरी त्याच्या नावावर आधीच होती. १८६३ च्या ‘तारा’त त्याने तुळजापूर आणले. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी बंधाऱ्यावरून कोसळताना पाहायला सगळे जातात, टेलरचे नाव काढणारा क्वचित भेटतो.

निकितीन परत निघाला तो दाभोळहून. गलबत भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून त्याने लूट टाळली. मग मस्कत, हॉर्मुझ, इराण, काळा समुद्र. घरी मात्र तो पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या १४७५ मध्ये मॉस्कोला पोचल्या आणि पुढे साडेतीनशे वर्षे मठातल्या बखरींत पडून राहिल्या, त्या करमझिन या इतिहासकाराच्या हाती लागेपर्यंत.

पोर्तुगीज आले ते निकितीनच्याच समुद्रात, पण तोफा घेऊन. गामाला मालिंदीहून कालिकतला आणणारा वाटाड्याही याच समुद्रावरचा जाणकार होता. वाट नवी नव्हतीच. पोर्तुगीजांना घोड्यांच्या व्यापारातले मर्म फार लवकर कळले. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने फर्मान काढले की आखातातून येणारे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत. विजयनगरला घोडे हवेत, आदिलशाहीलाही हवेत, आणि विकणारा एकच. कोणाला किती द्यायचे ते गोव्यात ठरू लागले. घोडा कोणाच्याही पागेत जावो, त्याच्या किमतीत पोर्तुगालच्या राजाची जकात आधीच मिसळलेली असे.