नवा राजवाडा : वास्तू आणि तिचा धनी

कोल्हापुरास आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, भवानी मंडपात जुना राजवाडा पाहतो, रंकाळ्यावर फेरी मारतो. मग कसबा बावड्याच्या रस्त्याला लागले की झाडीतून मनोरा डोकावतो. हा नवा राजवाडा! वय १४० च्या पुढे, तरी नाव ‘नवा’च.

१८७७ साली काम निघाले, १८८४ साली पुरे झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनियरचा. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली इटलीत, फ्लॉरेन्स शहरी वारले. तेथल्या त्यांच्या स्मारकाची छत्रीही मँटनेच योजिली. पुढे कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा त्याच्याच कल्पनेतून उतरले. आपल्या इमारती कोसळतील या धास्तीने त्याचे मन बिघडले, असे सांगतात. १८८१ साली तो गेला. नवा राजवाडा पुरा झालेला त्याने पाहिला नाही.

ज्यांच्या कारकिर्दीत काम निघाले, त्या चौथ्या शिवाजी महाराजांनाही तो लाभला नाही. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवले. तेथेच १८८३ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला. राजाराम महाराजांप्रमाणे त्यांचेही वय अवघे वीस वर्षांचे!

वाडा मात्र दिमाखात उभा राहिला. काळा घडीव दगड, गुजरात-राजस्थानकडील धाटणीच्या कमानी नि नक्षीदार खांब, मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ. उंच दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग. ऊन आत आले की इतिहासच उजळून निघतो! भोवती बाग, कारंजे, तळे आणि हरणे. बालगोपाळ तेथून हलायला तयार होत नाहीत.

धनी गेला, वाडा पुरा झाला, आणि त्याच १८८४ सालच्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा गादीवर दत्तक आला. तेच राजर्षी शाहू महाराज. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. नाना जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. शेतीच्या पाण्यासाठी राधानगरीचे धरण हाती घेतले. आज महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो या कामांमुळे. वाड्याचा डौल त्यात कोठेच येत नाही.

वरच्या मजल्यावर छत्रपतींचे कुटुंब राहते. तळमजल्यावर १९७४ पासून शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे. मुले तेथली शस्त्रे नि शिकारीचे वाघ पाहून हरखतील. परतताना त्यांना त्या नऊ वर्षांच्या मुलाची गोष्टही जरूर सांगा.